फिलिपिनी स्थलांतरित श्रमिक : श्रमनिर्यातीचा इतिहास, आर्थिक योगदान आणि हालअपेष्टा

प्रस्तावना :

विसाव्या शतकातील स्थलांतराचा इतिहास लिहिताना युद्धे, फाळण्या आणि निर्वासितांचे लोंढे यांना साहजिकच प्राधान्य मिळाले. परंतु करारपत्रावर सही करून ठरावीक मुदतीसाठी परदेशी जाणारा, मुदत संपताच परतणारा आणि कर्ज फिटले नाही म्हणून पुन्हा नव्या करारावर जाणारा श्रमिक हाही या शतकाचाच एक प्रातिनिधिक माणूस होय. तो अर्थशास्त्राच्या कोष्टकांत आकड्यांच्या रूपाने आढळतो. इतिहासाच्या पानांत मात्र त्याची नोंद अपवादानेच झालेली दिसते. या प्रकारच्या स्थलांतराचे सर्वांत सुसंघटित रूप ज्या देशात पाहावयास मिळते, तो देश म्हणजे फिलिपाइन्स.

परदेशस्थ फिलिपिनी नागरिकांविषयीच्या तेथील शासकीय आयोगाच्या अंदाजानुसार, २०१३ च्या अखेरीस देशाबाहेर राहणाऱ्या फिलिपिनींची संख्या सुमारे १ कोटी २ लाख होती. त्यांपैकी सुमारे ४९ लाख कायमचे स्थायिक झालेले, सुमारे ४२ लाख तात्पुरत्या वास्तव्यावर गेलेले आणि सुमारे १२ लाख कागदपत्रांविना राहणारे होते. केवळ कराराने काम करणाऱ्या श्रमिकांचा विचार केला, तर २०२३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात त्यांची संख्या सुमारे २१ लाख ६० हजार भरली आणि त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. या श्रमिकांनी पाठविलेल्या पैशावर देशाच्या परकीय चलनाचा मोठा भाग अवलंबून आहे.

दारिद्र्य आणि लोकसंख्यावाढ ही या स्थलांतराची कारणे म्हणून सामान्यतः सांगितली जातात. ती खोटी नाहीत. पण अपुरी आहेत. दारिद्र्य अनेक देशांत होते. परंतु श्रमिकांची निर्यात हे राज्यकारभाराचे एक स्वतंत्र खाते फार थोड्या देशांत बनले. फिलिपिनी स्थलांतर हे वसाहतवादाने घातलेल्या पायावर राज्यसंस्थेने जाणीवपूर्वक उभारलेली व्यवस्था आहे, त्या व्यवस्थेचा लाभ आणि तिची किंमत यांची वाटणी विषम झाली आहे, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश होय.

वसाहतकालीन मुळे :

१८९८ च्या पॅरिस तहान्वये स्पेनने फिलिपाइन्स अमेरिकेच्या हवाली केले व त्यापोटी २ कोटी डॉलर स्वीकारले. या सत्तांतराने फिलिपिनी माणसाला एक विचित्र कायदेशीर स्थान प्राप्त झाले. तो अमेरिकेचा नागरिक नव्हता, पण परकीयही नव्हता. चिनी व जपानी मजुरांच्या प्रवेशावर निर्बंध येत गेले तसतसे हवाईतील ऊसमळ्यांच्या मालकांचे लक्ष या नव्या प्रजेकडे वळले. डिसेंबर १९०६ मध्ये पंधरा फिलिपिनी मजुरांची पहिली तुकडी हवाई बेटांवर उतरली. 'साकादा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मळेकामगारांची संख्या पुढील चार दशकांत सव्वा लाखाच्या आसपास गेली. त्यांत इलोकोस प्रांतातील तरुण पुरुषांचा भरणा मोठा होता.

मळ्यांवरील जीवन कष्टाचे होते व मजुरीची श्रेणी वंशानुसार ठरत असे. सप्टेंबर १९२४ मध्ये काउआई बेटावरील हानापेपे येथे संप चिघळून झालेल्या चकमकीत सोळा फिलिपिनी संपकरी आणि चार पोलीस मृत्युमुखी पडले. मुख्य भूमीवर कॅलिफोर्नियातील शेतमळ्यांत गेलेल्यांचा अनुभव याहून वेगळा नव्हता. जानेवारी १९३० मध्ये वॉटसनव्हिल येथे गोऱ्या जमावांनी अनेक दिवस फिलिपिनी मजुरांवर हल्ले केले. त्यांत एका तरुण मजुराचा गोळी लागून मृत्यू झाला. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाने आपल्या विवाहविषयक कायद्यात दुरुस्ती करून फिलिपिनींना गोऱ्या स्त्रीशी विवाह करण्यास मनाई केली. पुढच्याच वर्षी संमत झालेल्या टायडिंग्ज-मॅकडफी कायद्याने फिलिपाइन्सला स्वातंत्र्याचे आश्वासन दिले. त्याच कायद्याने फिलिपिनींचा अमेरिकेतील प्रवेश वर्षाला पन्नास व्यक्तींपुरता मर्यादित केला. मजूर हवा तेव्हा 'आपला प्रजाजन', नको तेव्हा 'परका' हा न्याय पुढेही अनेक यजमान देशांनी कमीअधिक फरकाने गिरविला.

अमेरिकी राजवटीचा दुसरा वारसा शिक्षणाचा. इंग्रजी माध्यमाच्या शाळा आणि अमेरिकी धर्तीवरील परिचारिका-प्रशिक्षण यांतून परदेशी रुग्णालयांना थेट उपयोगी पडेल असा शिक्षित वर्ग निर्माण झाला. कॅथरीन सेनिझा चॉय यांनी 'एम्पायर ऑफ केअर' (२००३) या ग्रंथात परिचारिकांच्या स्थलांतराची मुळे या वसाहतकालीन शिक्षणात शोधली आहेत. १९४८ मध्ये सुरू झालेली अमेरिकेची विनिमय-अभ्यागत योजना आणि १९६५ चा नवा स्थलांतर कायदा यांनी या वर्गासाठी दार उघडले. म्हणजे १९४६ मध्ये देश राजकीयदृष्ट्या स्वतंत्र झाला, तरी श्रमाचा प्रवाह जुन्या वाटेनेच वाहत राहिला.

राज्यसंस्था आणि श्रमनिर्यात :

सप्टेंबर १९७२ मध्ये अध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला. पुढच्याच वर्षी तेलसंकट उद्भवले. एकीकडे तेलाची आयात महाग झाल्याने फिलिपाइन्सच्या परकीय चलनाची गंगाजळी आटू लागली; दुसरीकडे तेलाच्या पैशाने संपन्न झालेल्या आखाती देशांत रस्ते, बंदरे आणि शहरे उभारण्यासाठी हजारो हातांची गरज निर्माण झाली. या दोहोंची सांगड घालण्याचे काम १९७४ च्या कामगार संहितेने केले. तिच्या आधारे परदेशी रोजगारासाठी आणि खलाशांसाठी स्वतंत्र शासकीय मंडळे स्थापन झाली. १९८२ मध्ये त्यांचे एकत्रीकरण होऊन परदेशी रोजगार प्रशासन अस्तित्वात आले. परवानाधारक खाजगी भरती संस्थांनाही या व्यवस्थेत स्थान मिळाले आणि एक भरभराटीचा व्यवसाय उदयास आला.

मार्कोस राजवटीने हा उपाय तात्पुरता असल्याचे सांगितले होते. देशात उद्योग उभे राहीपर्यंत बेकारीचा ताण हलका व्हावा आणि परकीय चलन मिळावे, एवढाच मर्यादित हेतू प्रकट करण्यात आला. प्रत्यक्षात उद्योग उभे राहिले नाहीत. कर्ज मात्र वाढले. १९८६ मध्ये मार्कोस सत्तेवरून दूर झाले, तेव्हा देशावरील परकीय कर्ज २६ अब्ज डॉलरच्या घरात पोहोचले होते. १९७५ मध्ये सुमारे ३६ हजार श्रमिक परदेशी पाठविले गेले होते. २००६ मध्ये एका वर्षातील ही संख्या दहा लाखांच्या पुढे गेली. तात्पुरत्या म्हणून सुरू झालेल्या धोरणाचे असे कायमस्वरूपी संस्थेत रूपांतर झाले.

राज्यसंस्थेची दृष्टी काय होती, हे १९८२ च्या अखेरीस निघालेल्या एका अध्यक्षीय आदेशावरून स्पष्ट होते. त्यानुसार श्रमिकांनी आपल्या कमाईचा ५० ते ८० टक्के भाग अधिकृत बँकांमार्फतच मायदेशी पाठविणे बंधनकारक झाले आणि आदेश मोडणाऱ्याच्या पारपत्राचे नूतनीकरण रोखण्याची तरतूद करण्यात आली. ज्याला देशात काम देता आले नाही, त्याच्या परदेशातील मजुरीवर राज्याने सांगितलेला हा हक्क होता. हाँगकाँगमधील घरकामगार स्त्रियांनी त्याविरुद्ध संघटितपणे आवाज उठविला आणि १९८५ मध्ये दंडात्मक तरतुदी मागे घ्याव्या लागल्या. मूक आणि सोशीक समजल्या जाणाऱ्या वर्गाने मार्कोससारख्या हुकूमशहाला माघार घ्यावयास लावली, ही घटना या इतिहासात विशेष महत्त्वाची ठरते.

लोकशाहीच्या पुनःस्थापनेनंतर धोरण बदलले नाही, भाषा बदलली. १९८८ मध्ये अध्यक्षा कोराझोन अक्विनो यांनी हाँगकाँगमधील घरकामगार स्त्रियांसमोर बोलताना त्यांचा 'बागोंग बायानी', म्हणजे 'नवे वीर', असा गौरव केला. हा शब्दप्रयोग पुढे प्रत्येक राजवटीने वापरला. गौरवाची ही भाषा वरवर पाहता निरुपद्रवी वाटते. परंतु ज्याला वीर म्हटले जाते, त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा गृहीत धरली जाते आणि हक्काची मागणी मागे पडते, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

आर्थिक योगदान :

श्रमिकांनी मायदेशी पाठविलेल्या रकमेची वाढ थक्क करणारी आहे. १९७५ मध्ये सुमारे १० कोटी डॉलर असलेली ही रक्कम २००० मध्ये सुमारे ६ अब्ज, २००५ मध्ये सुमारे १०.७ अब्ज आणि २०१० मध्ये सुमारे १८.८ अब्ज डॉलर झाली. २०२४ मध्ये बँकांमार्फत आलेली रक्कम ३४.४९ अब्ज डॉलर होती. अन्य मार्गांनी आलेला पैसा व वस्तू धरून ती ३८.३४ अब्ज डॉलरवर जाते, म्हणजे देशाच्या स्थूल उत्पादनाच्या सुमारे ८.३ टक्के.

या पैशाचे वैशिष्ट्य असे की, तो संकटकाळी पळ काढीत नाही. १९९७ च्या आशियाई आर्थिक अरिष्टात परकीय भांडवल देशाबाहेर गेले; श्रमिकांचा पैसा येतच राहिला. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे लाखो श्रमिक मायदेशी परतले, तरीही बँकांमार्फत आलेली रक्कम आधीच्या वर्षाच्या तुलनेत एक टक्क्याहूनही कमी घटली. गुंतवणूकदार नफ्याचा हिशेब करतो. श्रमिक घरच्या चुलीचा हिशेब करतो, आणि घर अडचणीत असताना तो हात आखडता घेत नाही.

कुटुंबाच्या पातळीवर या पैशाने काय साधले? अर्थशास्त्रज्ञ डीन यांग यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९९७ च्या विनिमयदरातील उलथापालथीचा आधार घेतला. ज्या कुटुंबांतील श्रमिक अधिक मजबूत झालेल्या चलनाच्या देशांत होते, त्या कुटुंबांत मुलांचे शिक्षण वाढले, बालमजुरी घटली आणि लहान व्यवसायांत भांडवल गुंतविले गेले, असे त्यांना आढळले. हा पैसा निव्वळ उपभोगात उडतो, या सरसकट समजाला त्यामुळे छेद जातो.

तथापि या योगदानाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. परदेशी जाण्यासाठी शिक्षण, ओळखी आणि दलालाला देण्यापुरते पैसे लागतात. त्यामुळे अतिदरिद्री प्रांतांपेक्षा राजधानीलगतच्या कलाबार्झोन व मध्य लुझोन या तुलनेने सुस्थित प्रदेशांतून अधिक लोक जातात आणि पैसाही तिकडेच अधिक परततो. २००० नंतरच्या दशकात परदेशातील मागणी पाहून अनेक डॉक्टरांनी पुन्हा परिचारकाचे शिक्षण घेतले व देश सोडला; ग्रामीण आरोग्यव्यवस्थेची त्यातून झालेली हानी कोणत्याही ताळेबंदात दाखविली जात नाही. सर्वांत गंभीर बाब अशी की, चलनाची चणचण परस्पर भागत असल्याने शेती व उद्योग यांतील मूलभूत सुधारणांची निकड राज्यकर्त्यांना भासली नाही.

यजमान देशांना मिळालेला लाभही मोठा आहे. हाँगकाँग व सिंगापूर येथील मध्यमवर्गीय स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरी करू शकल्या, त्यामागे त्यांच्या घरी मुले व वृद्ध सांभाळणारी परदेशी स्त्री होती. जगातील व्यापारी जहाजांवरील मनुष्यबळात फिलिपिनी खलाशांचा वाटा अग्रगण्य आहे. त्यांच्याविना जागतिक व्यापार एक दिवसही चालणार नाही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हालअपेष्टांचे स्वरूप :

श्रमिकाच्या शोषणाचा आरंभ परदेशात पाऊल ठेवण्यापूर्वीच होतो. भरती शुल्क भागविण्यासाठी तो सावकाराकडून कर्ज काढतो किंवा शेतजमीन गहाण टाकतो. कराराचा एक मसुदा मनिलात दाखविला जातो आणि गंतव्य देशात पोहोचताच कमी वेतनाचा दुसरा मसुदा पुढे केला जातो. कर्जाचा बोजा डोक्यावर असल्याने परतण्याचा मार्ग त्याला उरत नाही. २००६ मध्ये शासनाने घरकामगारांसाठी दरमहा किमान ४०० डॉलर वेतन ठरविले आणि त्यांच्याकडून भरती शुल्क घेण्यास मनाई केली. परंतु प्रशिक्षण वा अन्य नावांनी वसुली चालूच राहिल्याच्या तक्रारी येत राहिल्या.

आखाती देशांतील 'कफाला' पद्धतीत श्रमिकाचे कायदेशीर वास्तव्य एका मालकाशी बांधले गेले. मालक सोडला की तो बेकायदा ठरतो. अलीकडच्या काळात काही देशांनी या पद्धतीत सुधारणा केल्या. मात्र घरकामगार अनेकदा त्यांच्या कक्षेबाहेर राहिले. घराच्या चार भिंतींआड काम करणाऱ्या स्त्रीचे पारपत्र मालकाकडे, वेतन मालकाच्या मर्जीवर आणि तक्रारीचा मार्गही मालकाच्याच दारातून जातो. फेब्रुवारी २०१८ मध्ये कुवेतमधील एका रिकाम्या सदनिकेतील शीतपेटीत फिलिपिनी घरकामगार स्त्रीचा मृतदेह सापडला. तो तेथे वर्षाहून अधिक काळ पडून होता. फिलिपाइन्सने कुवेतला श्रमिक पाठविणे थांबविले आणि त्याच वर्षी मे महिन्यात उभय देशांत संरक्षणविषयक करार झाला. पारपत्र काढून घेण्यास त्यात मनाई होती. तरीही जानेवारी २०२३ मध्ये कुवेतमध्येच आणखी एका घरकामगार स्त्रीची हत्या झाली.

या प्रश्नाने साऱ्या राष्ट्राला हादरविले ते १९९५ मध्ये. दुहेरी खुनाच्या आरोपावरून फ्लोर काँटेम्प्लासियन या घरकामगार स्त्रीला १७ मार्च १९९५ रोजी सिंगापूर येथे फाशी देण्यात आली. तिच्या दोषाविषयी फिलिपाइन्समध्ये मोठी साशंकता होती आणि आपल्या दूतावासाने तिला वेळेवर साहाय्य केले नाही, अशी तीव्र भावना पसरली. परराष्ट्रमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच वर्षी संयुक्त अरब अमिरातीत, अत्याचाराचा आरोप असलेल्या मालकाला ठार केल्याबद्दल एका अल्पवयीन फिलिपिनी मुलीला देहदंड सुनावण्यात आला; जागतिक निषेधानंतर तो रद्द होऊन तिला तुरुंगवास व फटके यांची शिक्षा झाली.

समुद्रावरील संकटे निराळी आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात 'गॅलॅक्सी लीडर' हे जहाज हूथी बंडखोरांनी ताब्यात घेतले. त्यावरील पंचवीस जणांपैकी सतरा फिलिपिनी होते. त्यांची सुटका जानेवारी २०२५ मध्ये झाली. मार्च २०२४ मध्ये 'ट्रू कॉन्फिडन्स' या जहाजावरील हल्ल्यात दोन फिलिपिनी खलाशी प्राणास मुकले. ज्या युद्धाशी त्यांचा वा त्यांच्या देशाचा संबंध नव्हता, त्याचे हे बळी होत. रुग्णालयेही सुरक्षित नव्हती. अमेरिकेतील परिचारिकांच्या राष्ट्रीय संघटनेने सप्टेंबर २०२० मध्ये दाखवून दिले की, नोंदणीकृत परिचारिकांत फिलिपिनींचे प्रमाण सुमारे ४ टक्के होते. करोनाने मृत्युमुखी पडलेल्या परिचारिकांत मात्र ते ३१ टक्क्यांहून अधिक होते.

या दृश्य आपत्तींखेरीज एक अदृश्य किंमत आहे. रासेल पारेन्यास यांनी 'सर्व्हंट्स ऑफ ग्लोबलायझेशन' (२००१) या ग्रंथात रोम व लॉस एंजेलिस येथील फिलिपिनी घरकामगार स्त्रियांचा अभ्यास केला. परक्याचे मूल वाढविणारी स्त्री स्वतःचे मूल आजी, मावशी किंवा मोलाच्या बाईवर सोपवून आलेली असते. अशा रीतीने वात्सल्याचीही एक साखळी तयार होते आणि तिच्या शेवटच्या टोकाला असलेल्या मुलाच्या वाट्याला सर्वांत कमी येते. आईने पाठविलेल्या भेटवस्तूंच्या पेटीने, 'बालिकबायान' पेटीने, ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न होतो.

प्रतिकार आणि कायदा :

फिलिपिनी श्रमिक केवळ सोसत राहिला, असे चित्र रंगविणे अन्यायाचे होईल. ८ सप्टेंबर १९६५ रोजी कॅलिफोर्नियातील डेलानो येथे लॅरी इटलिआँग यांच्या नेतृत्वाखाली फिलिपिनी द्राक्षमळा-कामगारांनी संप पुकारला. सीझर चावेझ यांची मेक्सिकन-अमेरिकन संघटना नंतर त्यात सामील झाली. १९७० मध्ये संप यशस्वी झाला. इतिहासात नाव मात्र प्रामुख्याने चावेझ यांचे उरले. हाँगकाँगमध्ये दर रविवारी मध्यवर्ती चौकांत जमणाऱ्या घरकामगार स्त्रियांनी वेतनकपातीविरुद्ध मोर्चे काढले. कायम वास्तव्याच्या हक्कासाठी तेथे दिलेला न्यायालयीन लढा मात्र मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायपीठापुढे अयशस्वी ठरला. वर्षानुवर्षे काम करूनही घरकामगाराचे तेथील वास्तव्य 'सामान्य निवास' मानता येत नाही, असा तो निर्णय होता.

१९९५ च्या प्रक्षोभाचे फलित म्हणजे ७ जून १९९५ रोजी संमत झालेला स्थलांतरित श्रमिकांविषयीचा प्रजासत्ताक कायदा क्रमांक ८०४२. आर्थिक वाढ टिकविण्याचे साधन म्हणून राज्य परदेशी रोजगाराला उत्तेजन देत नाही, असे या कायद्याने जाहीर केले. हे विधान आणि प्रत्यक्ष अर्थव्यवस्था यांतील अंतर हाच या विषयाचा गाभा होय. तथापि कायद्याचे श्रेय नाकारता येणार नाही. कायदेशीर साहाय्य, दूतावासांतील आश्रयकेंद्रे आणि बेकायदा भरतीस कठोर शिक्षा यांची तरतूद त्याने केली. २००३ मध्ये परदेशस्थ नागरिकांना मतदानाचा हक्क मिळाला. घरकामगारांविषयीच्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय करारास अनुसमर्थन देणारा फिलिपाइन्स हा दुसरा देश ठरला, तर खलाशांविषयीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार त्याच्याच अनुसमर्थनाने २०१३ मध्ये अंमलात आला. डिसेंबर २०२१ मध्ये स्थलांतरित श्रमिकांसाठी स्वतंत्र मंत्रालय निर्माण करणारा कायदा झाला. मात्र मंत्रालयाच्या निर्मितीमुळे तात्पुरत्या उपायाच्या कायमस्वरूपावर शिक्कामोर्तब झाले, असाही तिचा अर्थ लावता येतो.

मराठी वाचकास हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. मुंबईतील गिरणीकामगाराच्या मनीऑर्डरीवर रत्नागिरी जिल्ह्याची अर्थव्यवस्था कित्येक दशके चालली. गोव्याचे आणि कोकणचे खलाशी फिलिपिनींच्या बरोबरीने जहाजांवर काम करीत आले आहेत, आणि आखाताच्या वाटेने भारतीय श्रमिकही त्याच काळात गेले. भारताने खलाशांच्या करारास २०१५ मध्ये अनुसमर्थन दिले. घरकामगारांच्या करारास दिलेले नाही. गावातील पक्के घर आणि त्यात एकट्याने राहणारे म्हातारे आईवडील हे दृश्य दोन्हीकडे सारखेच आहे.

समारोप :

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, फिलिपिनी श्रमिकांचे स्थलांतर ही केवळ दारिद्र्याची नैसर्गिक परिणती नसून वसाहतवाद, तेलसंकट आणि राज्यसंस्थेचे धोरण यांच्या संयोगातून घडलेली ऐतिहासिक रचना आहे. दुसरा, तिचे आर्थिक योगदान निर्विवाद आहे. मात्र त्याचा लाभ राज्य, बँका, भरती संस्था आणि यजमान कुटुंबे यांच्यात विभागला जातो, तर जोखीम जवळजवळ संपूर्णपणे श्रमिकावर आणि त्याच्या मुलांवर पडते. तिसरा, श्रमिकांना मिळालेले संरक्षण राज्याने स्वतःहून दिलेले नाही. १९८५ चा हाँगकाँगमधील विरोध असो वा १९९५ चा लोकक्षोभ, प्रत्येक सुधारणेमागे श्रमिकांची संघटित कृती किंवा एखाद्या श्रमिकाचा मृत्यू आहे.

श्रमिकाला वीर म्हणणे सोपे असते. त्याला परदेशी जाण्याची सक्ती वाटणार नाही अशी परिस्थिती मायदेशी निर्माण करणे अवघड असते. अर्धशतकाच्या अनुभवानंतर फिलिपाइन्सने यांतील पहिले काम पूर्ण केले आहे. दुसरे अद्याप शिल्लक आहे, आणि श्रमिकांच्या पैशावर विसंबणाऱ्या प्रत्येक समाजाला ते लागू पडते.